बूड नसलेला पेला

वसंता, कावळा लगेच शिवला.

भटजींनी पिंड मांडला, तुझ्या अभयनं पाणी सोडलं आणि आम्ही मागं सरकून उभे राहतोय न राहतोय तोच खाडीच्या बाजूनं एक कावळा आला, सरळ पिंडापाशी उतरला आणि चोच मारली. इकडंतिकडं बघणं नाही, झाडावर बसून भाव खाणं नाही. जमलेल्यांना हायसं वाटलं. समाधानानं गेला, काही मागं ठेवलं नाही, असं जो तो म्हणू लागला. आपल्या वाडीत नारळ काढायला येणारा जनार्दन म्हणाला, "वसंतदादाचा जीव कशात अडकला न्हवता, आक्का." मी मान हलवली. पण मला तुझा राग आला, खोटं कशाला बोलू.

माझ्या पिशवीत बाटली होती. कावळा अडून बसला की ती बाहेर काढायची, पिंडाशेजारी चार थेंब सोडायचे आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं तुझी माफी मागायची, असं मी चार दिवस मनाशी घोकत होते. अशा वेळी माणसं काय काय कबूल करतात ते आपण पाहिलंय. वाडी विकणार नाही म्हणतात, म्हातारीला अंतर देणार नाही म्हणतात. आबांच्या दहाव्याला तास उलटला तरी कावळा येईना, तेव्हा मीच पुढं होऊन म्हटलं होतं की वसंताला मी सांभाळीन. तेव्हा कुठं शिवला. म्हणून माझी खात्री होती की माझ्याकडून एक शब्द घेतल्याशिवाय तू जायचा नाहीस. आणि तू मी तोंड उघडायच्या आत मोकळा झालास. बाटली तशीच घरी आणली. तिथं बोलायचं राहिलं ते आता लिहून काढते आहे, ऐकून घे.

तू बोटीवर आचारी म्हणून लागलास आणि मी वाडीच्या फाटकाशी सरबताची टपरी टाकली, ती एकाच साली. चौलच्या आपल्या दारावरून काशीदला जाणाऱ्या गाड्या थांबायच्या. कोकम, पन्हं, आवळा, आलं-लिंबू, एवढाच माझा पसारा. तुझ्याबरोबरचे लोक सुट्टीवर येताना सेंटच्या बाटल्या आणायचे, घड्याळं आणायचे. तू बॅग उघडायच्या आधी ओट्यावर चढून बसायचास आणि म्हणायचास, "विचार आक्का, ह्या खेपेला लोक काय पितात ते विचार." मग तू करून दाखवायचास, मी चाखायची आणि सांगायची, पास की नापास. कुठल्याशा थंड देशातलं पावाचं आंबवलेलं पाणी मी नापास केलं. तांदूळ भिजवून दालचिनी घालून केलेलं दुधासारखं गोड पाणी पास केलं आणि चार उन्हाळे टपरीवर विकलंही. मी मुंबईच्या पलीकडे कधी गेले नाही. पण जग काय पितं हे ह्या पंचक्रोशीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. ते सगळं तुझं देणं.

मग ते निकाराग्वा आलं. कोरिंतो नावाच्या बंदरात तुमच्या बोटीचं इंजिन बिघडलं आणि दोन महिने तुम्ही तिथंच अडकून पडलात. बाकीचे वैतागले. तू मात्र बंदराच्या फाटकाबाहेर एक बाई हेरलीस, दोन्या चेपा. म्हणजे आपल्याकडे चेपाबाई म्हणतो तसंच, असं तूच सांगितलंस. तिची पेयांची गाडी होती. तुला तिची भाषा येत नव्हती, तिला तुझी. तू उभा राहून बघत राहिलास, दुसऱ्या दिवशी तिची चिंच कोळायला बसलास आणि तिसऱ्या दिवशी तिनं तुला हाकलायचा नाद सोडून दिला.

"चिंच पितात, आक्का, आपली चिंच. साखर, पाणी आणि बर्फ," तू म्हणालास. "आणि लाल अंबाडीची बोंडं उकळून त्याचं सरबत पितात."

"अंबाडीची भाजी करतात म्हणावं. कुणीतरी सांगा त्यांना."

"त्यांना सांगू नकोस, तू शीक."

शिकले. अंबाडीचं सरबत अजून टपरीवर आहे. मुंबईच्या मुली त्याचे फोटो काढतात. चेपाबाई सगळं प्लास्टिकच्या पिशवीत ओतायची, वर गाठ मारायची आणि गाठीत नळी खोचायची, हेही तू दाखवलंस. ते मी लगेच उचललं, कारण एसटी थांबली की खिडकीतून पिशवी देता यायची. प्लास्टिकबंदी येईपर्यंत ह्या रस्त्यावर तसं देणारी मी एकटीच होते.

आणि पिनोलिओ. मका खमंग भाजायचा, कोकोच्या बिया भाजायच्या, दोन्ही दालचिनी-लवंगेबरोबर दळायचं आणि ते पीठ पाण्यात घुसळून प्यायचं. आपल्या सातूच्या पिठाची लांबची बहीण म्हण. मी प्याले आणि म्हटलं, "दातात येतंय. नापास." तू चांगलाच चिडलास.

"अगं, तिथली माणसं ह्याच्या नावानं स्वतःची ओळख सांगतात. पिनोलेरो म्हणतात स्वतःला, पिनोल पिणारे. आख्ख्या देशाचं नाव आहे ते, आणि तू नापास करतेस?"

"मग मी कोण? कोकमवाली?"

"हो. त्यात कमीपणा काय आहे?"

तेव्हा मी हसले. अलीकडे टपरीवर कोणी अदबीनं काकू म्हणालं की मला तुझी कोकमवाली आठवते.

त्याच दिवशी तू आणखी एक गोष्ट सांगितली होतीस. मी ती अर्धवट ऐकली, हात कामात होते. तिकडे कोयोल नावाचं माडासारखं झाड असतं. ते आडवं पाडून खोडाला खाच करतात, तिच्यात रस जमतो आणि तो चढतो. तुमच्या बोटीवरची सगळी माणसं तो प्यायला गेली. तुलाही ओढलं. तू गेला नाहीस. हातवारे करून तू चेपाबाईला सांगितलंस, डोक्यावर हात ठेवून, बहीण, बहीण. तिला काय कळलं देव जाणे. पण तिनं पिनोलिओ ढवळून तुझ्या हातात दिला. तो ज्या पेल्यात दिला, तो पेला तू निघताना मागून आणलास.

त्या पेल्याचं मी काय केलं ते तुला माहीत आहे, पण मला आज परत सांगू दे. हीकारो नावाच्या झाडाचं फळ असतं, भोपळ्यासारखं गोल, कवच करवंटीइतकं टणक. ते अर्धं कापून आतून घासून पेला करतात. बाहेरून पक्षी कोरलेले होते, फार सुंदर. पण त्याला बूड नव्हतं. खाली ठेवला की कलंडायचा. मी म्हटलं, वसंताला कुणीतरी अर्धवट वस्तू गळ्यात मारली. तू बोटीवर परत गेल्यावर मी तो करवंटीच्या पळ्या करणाऱ्या माणसाला दिला. त्यानं इमानानं काठाखाली समोरासमोर दोन भोकं पाडली आणि त्यातून सुपारीच्या लाकडाचा दांडा आरपार घातला. झाली कोकम ढवळायची पळी. दुसऱ्या कुठल्या गावात हे झालं नसतं. गोल कवच दिसलं की त्याला दांडा घालायचा, एवढंच आम्हाला ठाऊक.

सुट्टीवर आलास तेव्हा मी त्याच पळीनं तुला सरबत घातलं. तू पळीकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, खाली बसलास आणि हसत सुटलास. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास.

"आक्का, त्याला बूड नसतंच. मुद्दाम नसतं. ज्यांना हवं ते खाली चुंबळीसारखं कडं ठेवतात, पण चेपाबाई ठेवू द्यायची नाही. हातात घेतला की संपेपर्यंत हातात. म्हणजे माणूस तेवढा वेळ तरी बसतं."

मी म्हटलं, "आम्हाला कामं असतात."

असा तू. दुसऱ्या कुणाचा भाऊ महिनाभर बोलला नसता.

आता शपथेचं. आबा गेले तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास, मी सोळाची. आधी माडी, मग हातभट्टी, मग पिवळे डोळे. आई त्याआधीच गेली होती. तेराव्याचं जेवण उरकल्यावर मी तुला मागच्या पडवीत नेलं, तुझा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, म्हण, दारूच्या थेंबाला शिवणार नाही. तू म्हणालास. मग विचारलंस, "मोडली तर काय होईल?" मी म्हटलं, मी मरेन. अकरा वर्षांच्या पोराला हे सांगायचं नसतं हे मला आता कळतंय. तू पुढचे किती दिवस मी झोपले की माझा श्वास चालू आहे का ते बघायचास, हे मला तुझी बायको मंगल घरात आल्यावर तिच्याकडून कळलं.

आणि त्याच तुझ्यावर मी संशय घेतला.

पळीच्या प्रसंगानंतर पुढच्याच वर्षी गौरीगणपतीला तू घरी होतास. घर पाहुण्यांनी भरलेलं. गौरी जेवायच्या दिवशी मी विड्याची पानं धुवायला मागं गेले आणि पडवीतून वास आला. आंबूस, गोडसर, नाकात चढणारा. मला तो वास ओळखायला वेळ लागला नाही, मी सोळा वर्षं त्या वासात काढली होती. केळीच्या पानानं झाकलेलं मडकं होतं. पान काढलं तर वर फेस आणि खाली लालभडक. माझं डोकंच फिरलं. कुणाला विचारलं नाही, तुला हाक मारली नाही. मडकं उचललं, पाहुणे बसले होते त्या ओटीवरून तसंच पुढं नेलं आणि सगळ्यांच्या समोर सुपारीच्या बुंध्यात रितं केलं. वर म्हटलं, "आबा गेले, आता हा निघाला त्याच वाटेनं. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती ह्यानं."

तू पंगतीत वाढत होतास, हातात मिठाचं भांडं होतं. बाहेर आलास. ओला बुंधा बघितलास. एकच वाक्य बोललास, "चाखून तरी नापास करायची होतीस, आक्का." आणि आत जाऊन परत मीठ वाढायला लागलास.

मंगल नंतर मला सांगायला आली होती. चिचा म्हणतात त्याला, मक्याची असते, गूळ आणि आलं घालून दोनचार दिवस ठेवतात, तिकडे लहान पोरंसुद्धा पितात. मी तिला म्हटलं, आंबवलेलं ते आंबवलेलंच. त्यावर तू आतल्या खोलीतून म्हणालास, "मग तुझी आंबील काय आहे? नाचणी ताकात भिजवून तू आंबवतेसच की. इडलीलाही दारू म्हण." मी म्हटलं, मला शिकवू नकोस. तो वाद तिथंच राहिला. खरं सांगू, तुझं म्हणणं मला तेव्हाच पटलं होतं. पण शंभर माणसांसमोर बोललेलं मागं कसं घ्यायचं ते मला आलं नाही. मी घरात मोठी. मला कुणी चूक कबूल करायला शिकवलंच नव्हतं.

तू भांडला नाहीस, अबोला धरला नाहीस. ते केलं असतंस तर बरं झालं असतं. तू फोन करायचास, माझे गुडघे विचारायचास. वादळात टपरीचं छप्पर उडालं तेव्हा सुट्टी वाढवून घेऊन स्वतः पत्रे चढवलेस. फक्त ओट्यावर चढून बसणं बंद झालं. मी एकदा आपणहून विचारलं, ह्या खेपेला लोक काय पितात रे? तू म्हणालास, "चहाच." बारा वर्षं जगभरातले लोक चहाच पीत होते.

मग तू कायमचा घरी आलास आणि दोन वर्षांत कॅन्सरनं तुझी अन्ननलिका धरली. डॉक्टरांनी सांगितलं, घन काही जाणार नाही, पातळ द्या. ते ऐकून मला, देव मला क्षमा करो, क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, पातळ ना, ते माझं काम. रोज सकाळी मी तुझ्या खोलीत यायची. शहाळं, पेज, आंबील, कोकमाचं सार गाळून, अंबाडीचं कोमट करून. तू दोन घोट घ्यायचास आणि मान हलवायचास. पास की नापास ते तू सांगत नव्हतास आणि मी विचारत नव्हते.

एके दिवशी पेला परत देताना तू म्हणालास, "आक्का, मका आहे का गं?"

मला कळलं. लगेच कळलं, वसंता. मी म्हटलं, "बघते, बाजारात चांगला मिळाला तर." तू हसलास आणि डोळे मिटलेस. मका त्याच दिवशी आणला, अलिबागहून, पांढरा, निवडून. डब्यात भरला आणि फळीवर ठेवला. भिजत घातला नाही. आज घालते, उद्या घालते, पाहुणे आहेत, पाणी नाही. खरं कारण एवढंच की मडकं घातलं की बोलावं लागणार होतं. चिचा घेऊन तुझ्यासमोर आले असते तर आधी तोंडानं काहीतरी म्हणावं लागलं असतं. ते शब्द जुळवण्यात मी आठ दिवस घालवले. नवव्या दिवशी सकाळी मी पेज घेऊन आले, तर मंगल खोलीच्या दारात बसली होती.

हे माझं पाप आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी मंगलला तो डबा दाखवला. सुतकाचं घर, फोडणी नाही, आल्यागेल्याचं रडणं चाललेलं. ती डबा उघडून मक्यात हात घालून बसली. मग म्हणाली, "आक्का, एक सांगू? ते घरी असले की पावसाळ्यात चिचा करायचे. रेवदंड्याला, माझ्या माहेरी. तुम्हाला वास जाऊ नये म्हणून."

चौदा वर्षं. मला वास जाऊ नये म्हणून दुसऱ्याच्या घरी.

"अभय लहान होता तेव्हा त्यालाही द्यायचे. म्हणायचे, आक्काला हे आवडलं असतं, तिची जीभ फार चांगली आहे." आणि मग ती म्हणाली, "रंगसुद्धा तुमचाच होता ना."

मी विचारलं, कसला रंग?

"तुम्हाला माहीत नाही? चेपाबाई त्यात लाल रंग घालायची, बाजारचा. ह्यांना तो नको होता. गौरीच्या वेळी तुमच्या बरणीतलं कोकमाचं आगळ घेतलं होतं. पाहुण्यांना वाढायचं आणि मग सांगायचं, अर्धं त्यांचं आणि अर्धं आमच्या आक्काचं. तुम्हाला चकित करायचं होतं."

वसंता, मी त्या लाल रंगावरूनच ठरवलं होतं की ही दारू आहे. जन्मभर कोकमं फोडली, बोटं लाल ती कधी पांढरी झाली नाहीत, आणि माझं आगळ मलाच ओळखू आलं नाही. सुपारीच्या बुंध्यात मी माझंच कोकम ओतलं. मंगलच्या देखत मी रडले. ती बिचारी, नवरा जाऊन पाच दिवस झालेली, मलाच थोपटत होती.

त्याच दुपारी मका भिजत घातला. मंगलनं सांगितलं तसा दुसऱ्या दिवशी वाटला, शिजवला, गूळ घातला, आलं ठेचून घातलं, माझ्या बरणीतलं आगळ घातलं आणि केळीच्या पानानं झाकून त्याच पडवीत ठेवला. आठव्या दिवसापर्यंत वास घरभर झाला. शेजारची सुमन भेटायला आली होती. नाक वर करून म्हणाली, "आक्का, कसला गं वास सुटलाय? आंबल्यासारखा. सुतकाच्या घरात असलं काय ठेवलंय?"

ओटीवर सातआठ माणसं होती. सगळी माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "चिचा आहे. मक्याची. माझ्या भावाची."

"म्हणजे दारू नाही ना?"

"चाखून बघ आणि मग बोल."

तोंडातून शब्द निघाले आणि कळलं की हे वाक्य तुझं आहे. चौदा वर्षांनी का होईना, त्याच ओटीवर ते मी म्हटलं. सुमननं चाखलं नाही, ती पदर नाकाला लावून निघून गेली. मला तिचा राग आला नाही. तिच्यात मला मीच दिसले.

तर अशी ती बाटली मी दहाव्याला घेऊन आले होते आणि तुझ्या कावळ्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. घरी येताना रिक्षात मंगल म्हणाली, "त्यांनी कधीच मनात ठेवलं नव्हतं, आक्का. तुमच्याच मनात राहिलं." मी तिला म्हटलं, गप्प बस. मग वाटेत रामेश्वराचं तळं लागलं तेव्हा तिचा हात धरला.

हेही मला तेव्हाच सुचलं. मी सदुसष्ट वर्षांची आहे. दुखणं म्हणजे गुडघे, बाकी ठणठणीत. शपथ मोडली तर मी मरेन असं तुला सांगितलं होतं. त्या गौरीच्या दिवशी मडकं उचलून ओरडत होते ती मी, जिवंत, धडधाकट, पुरावा म्हणून तुझ्यासमोर उभी होते. आरशात बघितलं असतं तरी पुरलं असतं.

घरी आल्यावर हातपाय धुतले आणि टपरीतून पळी आणली. तीच, पक्षी कोरलेली. कोकम लागून लागून पक्षी काळे पडलेत, पण आहेत अजून. दांडा हातानं निघेना. नारळ सोलायच्या कोयत्याच्या मागच्या बाजूनं ठोकला तेव्हा सुटला. राहिली दोन भोकं, समोरासमोर. मी पेला दोन्ही हातांत धरला, एका भोकावर एक अंगठा, दुसऱ्यावर दुसरा, आणि मंगलला म्हटलं, ओत. तिनं काठोकाठ ओतलं, पाहुण्याला ओततात तसं.

पडवीत बसून प्याले. थोडं आंबट, थोडं गोड, गुळाची चव मागं राहते आणि मग कोकम येतं, उशिरा. मध्येच डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता. अंगठा काढला असता तर भोकातून गळलं असतं. मंगल म्हणाली, "आक्का, ठेवा जरा खाली, मी धरते."

म्हटलं, "ह्याला बूड नाही, मंगल. संपेपर्यंत बसायचं असतं."

मग तीही शेजारी बसली. मी सावकाश प्याले, तळाचा चोथासुद्धा. बाहेर एक एसटी थांबून गेली, कुणीतरी सरबतासाठी हाक मारली, मी उठले नाही. चुकलं माझं, वसंता. तेव्हा चुकलं, आणि ते आठ दिवस त्याहून जास्त चुकलं.

आलं थोडं कमी पडलंय, ते माझ्या हातचं आहे. बाकी पास.